डॉ. लिओ वराडकर : एका कौन्सिलराची कारकीर्द

१४ जून २०१७ रोजी डॉ. लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा आपल्याकडील वृत्तपत्रांना आनंद व्हावा हे साहजिकच होते. त्यांचे घराणे मालवण तालुक्यातील वराड गावचे. कोकणातील एका खेड्याचे नाव युरोपच्या राजकारणात रोज उच्चारले जाऊ लागले, याचे कौतुक कोणाला वाटणार नाही? परंतु कौतुकाच्या भरात एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटली. पंतप्रधान होण्यापूर्वी दहा वर्षे हे गृहस्थ आयरिश लोकसभेचे सभासद होते, आणि त्याहीपूर्वी ते डब्लिनच्या पश्चिमेकडील एका उपनगराचे कौन्सिलर, म्हणजे आपल्या भाषेत नगरसेवक होते. परदेशातून आलेल्या एका डॉक्टरच्या मुलाला तेथील शेजाऱ्यापाजाऱ्यांनी प्रथम आपला म्हटले ते या लहान पदाच्या निवडणुकीत. ते कसे घडले, कोणत्या पद्धतीमुळे घडू शकले, आणि ज्या दिवशी ते घडले त्याच दिवशी त्याच देशातील मतदारांनी आणखी काय केले, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

वर्ध्यात बसून डब्लिनच्या वॉर्डाची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, आपले शहर मुळात बाहेरून आलेल्यांचेच आहे. १८६२ साली नागपूरपासून वर्धा जिल्हा वेगळा काढला तेव्हा त्याचे मुख्य ठाणे पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये ते पालकवाडी या खेड्याच्या जागी आणले आणि तेथे नवे शहर वसले. १८७४ साली त्याला नगरपालिका मिळाली. १८६६ पूर्वी जे शहरच नव्हते, त्या शहरात मूळचा कोण आणि उपरा कोण हे ठरवावयाचे कसे? कापसाचा व्यापार आणि रेल्वे यांच्या मागोमाग मारवाडी आले, गुजराती आले, तेलुगू बोलणारे आले, वऱ्हाडातले आणि देशावरचे आले. शेठ जमनालाल बजाज यांचा जन्म १८८९ साली सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यातला. शेठ बच्छराजांच्या घरी ते दत्तक आले ते लहान मूल असताना. शाळा शिकले ती वर्ध्यात, मराठी चौथीपर्यंत. विनोबा कुलाबा जिल्ह्यातील गागोद्याचे, कुमारप्पा तामिळ मुलखातले, आणि गांधीजी काठेवाडचे. या मंडळींना वगळून वर्ध्याचा इतिहास लिहावयास घेतला तर पाने कोरी राहतील.

तथापि बजाजांची गोष्ट वेगळी. त्यांच्यामागे पेढी होती, दातृत्व होते, पुढे तुरुंगवासही होता. ज्याच्यामागे यांतले काहीच नाही, ज्याच्याजवळ केवळ एक परके आडनाव आहे, असा तरुण घरोघर जाऊन मत मागतो तेव्हा काय होते, हे पाहावयाचे तर वराडकरांचेच उदाहरण घ्यावे लागते.

त्यांचे वडील डॉ. अशोक वराडकर हे १९६० नंतरच्या दशकात इंग्लंडला गेले. त्या काळी इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला डॉक्टरांची आणि परिचारिकांची मोठी चणचण होती. डॉक्टर हिंदुस्थानातून येत आणि परिचारिका आयर्लंडमधून. स्लाव या गावी डॉ. वराडकरांची गाठ मिरियम या परिचारिकेशी पडली. त्या वॉटरफर्ड परगण्यातील डनगार्वनच्या. दोघांचे लग्न झाले, काही काळ ती लेस्टरला राहिली, काही काळ भारतात, आणि १९७३ साली डब्लिनला स्थायिक झाली. तेथेच १८ जानेवारी १९७९ रोजी लिओ यांचा जन्म झाला. घरातील मुलांना आईच्या कॅथलिक धर्मात वाढवावे असे ठरले होते, आणि तसेच झाले.

१९७३ साली आयर्लंडमध्ये जाणे म्हणजे काय, हे आज नीट ध्यानात येणार नाही. तो देश माणसे आत घेणारा नव्हे, बाहेर पाठविणारा होता. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळापासून शंभराहून अधिक वर्षे आयरिश तरुण बोटीत बसून अमेरिकेला, इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला जात राहिले. १९६१ च्या शिरगणतीत आयरिश प्रजासत्ताकाची लोकसंख्या जेमतेम २८ लाख भरली. अशा देशात बाहेरून येऊन राहणारा डॉक्टर हा कुतूहलाचा विषय होई, भीतीचा नव्हे. कारण तो एकटा असे. १९९० नंतरच्या भरभराटीने हे चित्र पालटले. उद्योग आले, नोकऱ्या आल्या, आणि त्यांच्यामागून पोलंड, नायजेरिया, फिलिपाइन्स, भारत अशा ठिकाणांहून माणसे आली. २०२२ च्या शिरगणतीत लोकसंख्या ५१ लाखांच्या पुढे गेली आणि दर पाच रहिवाशांतील एक परदेशात जन्मलेला निघाला. एवढा बदल एका पिढीत झाला. वराडकरांचे राजकारण नेमके या बदलाच्या ऐन भरात सुरू झाले.

ते सात-आठ वर्षांचे असताना आईच्या मैत्रिणींना म्हणाले होते की मी मोठेपणी आरोग्यमंत्री होणार, असे सांगतात. पुढे ते खरोखरच आरोग्यमंत्री झाले, म्हणून ही कथा टिकली. न होते तर घरातली मंडळीही ती विसरली असती. ट्रिनिटी कॉलेजात त्यांनी प्रथम कायद्यास नाव घातले, पण लवकरच वैद्यकाकडे वळले. विद्यार्थिदशेतच ते फिन गेल या पक्षाच्या तरुण शाखेत काम करू लागले. १९९९ साली, वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षात असताना, फिंगल कौंटी कौन्सिलच्या निवडणुकीस मलहडर्ट विभागातून ते उभे राहिले. वय २० वर्षे. (आपल्या राज्यघटनेप्रमाणे नगरपरिषदेच्या उमेदवारास २१ वर्षे पुरी व्हावी लागतात, म्हणजे वर्ध्यात त्यांचा अर्जच नामंजूर झाला असता.) मते पडली ३८०, आणि ते हरले.

येथे थोडे थांबून तेथील निवडणुकीची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचा भाग उमगणार नाही. आपल्याकडे मतदार एका नावापुढे खूण करतो. आयर्लंडमध्ये तो पसंतीचे क्रम देतो: एकाला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३, असे हवे तितके. विधान परिषदेच्या शिक्षक व पदवीधर मतदारसंघांत ज्यांनी मत दिले आहे त्यांना ही रीत ठाऊक आहेच. फरक इतकाच की तेथे एका विभागातून एक नव्हे, चार-पाच सभासद निवडावयाचे असतात. समजा एका विभागात चार जागा आहेत आणि दहा हजार मते ग्राह्य ठरली. जागांच्या संख्येत एक मिळवून त्याने मतांना भागावयाचे आणि येणाऱ्या आकड्यात एक मिळवावयाचा. २,००१ हा कोटा झाला. पहिल्या पसंतीची इतकी मते ज्याला मिळाली तो तत्काळ निवडून आला. त्याला कोट्याहून जास्त मते मिळाली असतील तर तो जादा भाग त्याच्या मतदारांच्या दुसऱ्या पसंतीप्रमाणे इतरांकडे जातो. जो सर्वांत मागे आहे त्याला गाळून त्याचीही मते पुढच्या पसंतीला दिली जातात. असे करीत करीत चारही जागा भरल्या जातात. मोजणी कधीकधी दोनदोन दिवस चालते आणि आयरिश लोक ती क्रिकेटच्या सामन्यासारखी ऐकत बसतात.

या रीतीचा परिणाम मोठा मौजेचा होतो. एकाच पक्षाचे दोन-तीन उमेदवार एकाच विभागात उभे असतात आणि त्यांची खरी चुरस परस्परांशीच असते. म्हणून पक्षाच्या चिन्हावर विसंबून चालत नाही. दाराची घंटा वाजवून स्वतःचे नाव सांगावेच लागते. दुसरे असे की, उमेदवार सर्वांना सर्वांत आवडता असावाच लागत नाही. जो घरोघर जातो, ज्याचा राग कोणाला नाही, त्याला दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीची मते मिळत जातात आणि तो वर येतो. परक्या आडनावाच्या माणसाला ही वाट सोयीची आहे. ज्या मतदाराला त्याला पहिली पसंती देण्याचा धीर होत नाही, तो तिसरी देऊन पाहतो. आपल्या पद्धतीत अशा अर्ध्या विश्वासाला मतपत्रिकेवर जागाच नाही.

१९९९ च्या पराभवानंतर चार वर्षांनी वराडकरांना कौन्सिलात जागा मिळाली, पण ती निवडणुकीने नव्हे. २००३ साली पक्षाच्या कौन्सिलर शीला टेरी यांची जागा रिकामी झाली. आयर्लंडमध्ये अशा वेळी पोटनिवडणूक घेत नाहीत; ज्या पक्षाची जागा गेली त्याच्याच माणसाला कौन्सिल सभासद करून घेते. त्या वर्षी वराडकर ट्रिनिटीमधून डॉक्टर होऊन बाहेर पडले होते. वैद्यकीय उमेदवारीचा काही काळ त्यांनी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात काढला होता; पुढे ते डब्लिनच्या सेंट जेम्स आणि ब्लँचर्ड्सटाउनच्या कॉनली या रुग्णालयांत कनिष्ठ डॉक्टर म्हणून काम करू लागले. दिवसपाळी-रातपाळी रुग्णालयात आणि उरलेल्या वेळात वॉर्डात, असा त्यांचा क्रम सुरू झाला. मागच्या दाराने आलेला म्हणून कोणी त्यांना हिणविले असेल तर त्याचे उत्तर त्यांना वर्षभरातच द्यावयाचे होते.

आयरिश कौन्सिलर करतो तरी काय? फिंगल हा १९९४ साली जुन्या डब्लिन परगण्याचे तीन तुकडे केले तेव्हा निर्माण झालेला एक तुकडा. त्याची कचेरी सोर्ड्स गावी. २००४ च्या सुमारास त्याच्या कौन्सिलात २४ सभासद होते. रस्ते, गटारे, बागा, ग्रंथालये, आगीचे बंब, गरिबांसाठी घरे आणि बांधकामाच्या परवानग्या या गोष्टी कौन्सिलकडे. पाणीपुरवठाही तेव्हा तिच्याकडेच होता. शाळा नाहीत, पोलीस नाहीत. कारभार चालवितो तो नेमलेला व्यवस्थापक. आपल्या नगरपरिषदेचा मुख्याधिकारी डोळ्यांपुढे आणला की त्याची कल्पना येईल, मात्र तेथे त्याचे अधिकार आपल्याकडल्याहून जास्त. पैसा तर त्याहून अडचणीचा. राहत्या घरांवरील पट्टी १९७८ पासून आयर्लंडने रद्दच करून टाकली होती, कारण १९७७ च्या निवडणुकीत तसे आश्वासन देऊन एक पक्ष निवडून आला होता. ती नव्या रूपाने परत आली २०१३ मध्ये. मधली पस्तीस वर्षे कौन्सिलांनी सरकारी अनुदानाकडे डोळे लावून काढली. घरपट्टीविरुद्ध तक्रार करणाऱ्या आपल्या नागरिकांनी हा अनुभव ध्यानी घ्यावा असे आम्हांस वाटते, परंतु तो येथला विषय नव्हे.

तेव्हा अधिकार थोडे, पैसा थोडा, आणि तक्रारी पुष्कळ. ब्लँचर्ड्सटाउन-कॅसलनॉकचा भाग त्या वर्षांत झपाट्याने वाढत होता. शेतांवर घरे उभी राहिली. माणसे राहावयास आली तेव्हा शाळेत जागा नाही, बस वेळेवर नाही, ठेकेदाराने रस्ता अर्धा टाकून दिलेला. आपल्याकडे नव्या वस्तीत राहणाऱ्यांना हे वर्णन परके वाटू नये. अशा भागात कौन्सिलर म्हणजे पत्रे लिहिणारा आणि कचेरीत पाठपुरावा करणारा माणूस. ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकण्याचा तेथे रिवाज आहे. त्या बैठकीला आयरिश लोक ‘क्लिनिक’च म्हणतात. वराडकरांच्या घरी बापलेक दोघेही डॉक्टर. मुलाला मात्र दोन्ही प्रकारची क्लिनिके करावी लागली.

या नव्या वस्तीतील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. तेथे जवळजवळ प्रत्येकजण कोठून तरी आलेला होता. कोणी डब्लिनच्या जुन्या पेठांतून, कोणी खेड्यांतून, कोणी परदेशातून. ‘तुमचे घराणे येथले का?’ हा प्रश्न ज्या गावात चारांतल्या तिघांना अडचणीत टाकतो, तेथे तो फारसा विचारला जात नाही. उलट वराडकरांचा जन्म डब्लिनचा आणि त्यांच्या वडिलांचा दवाखाना त्या भागातला. कितीतरी घरांना डॉ. वराडकर हे नाव मत मागण्याच्या आधीच औषधाच्या चिठ्ठीवरून परिचयाचे होते. आम्हांस वाटते, मतपेटीचे खरे रहस्य येथे आहे. दवाखान्याच्या पाटीवर जे आडनाव वर्षानुवर्षे वाचले, ते मतपत्रिकेवर आले म्हणून परके होत नाही.

११ जून २००४ रोजी निवडणूक झाली. कॅसलनॉक विभागातून वराडकरांना पहिल्या पसंतीची ४,८९४ मते मिळाली आणि ते पहिल्याच फेरीत निवडून आले. त्या दिवशी साऱ्या आयर्लंडमध्ये कोणत्याही कौन्सिलराला पहिल्या पसंतीची इतकी मते पडली नव्हती. पाच वर्षांपूर्वी ३८०, आता देशात पहिला, वय पंचवीस.

त्याच दिवशी, देशाच्या मध्यभागी असलेल्या पोर्टलीश या गावी, रोटिमी अडेबरी नावाचे गृहस्थ नगर कौन्सिलवर निवडून आले. ते चारच वर्षांपूर्वी, २००० साली, बायकामुलांसह नायजेरियातून आश्रय मागत आलेले. येथे आयरिश कायद्याचा एक विशेष सांगितला पाहिजे. तेथे लोकसभेसाठी मत देण्यास आयरिश किंवा ब्रिटिश नागरिकत्व लागते. कौन्सिलसाठी लागत नाही. १९६३ च्या कायद्यापासून गावात राहणारा प्रौढ माणूस, मग तो कोणत्याही देशाचा असो, गावच्या कौन्सिलला मत देऊ शकतो आणि पुढे त्याला उभे राहण्याचाही हक्क मिळाला. ज्याच्या दारापुढचे गटार तुंबते त्याला गटाराविषयी मत असणारच, असा त्यामागचा सरळ हिशेब. आपल्याकडे नगरपरिषदेच्या मतदारयादीत नाव यावयाचे तर भारताचे नागरिकत्व हवेच. अडेबरी २००७ साली पोर्टलीशचे नगराध्यक्ष झाले. आयर्लंडमधील ते पहिले कृष्णवर्णी नगराध्यक्ष होत.

आणि आता त्याच ११ जूनची तिसरी गोष्ट. कौन्सिलच्या मतपत्रिकेबरोबर त्या दिवशी मतदारांच्या हाती आणखी एक कागद दिला होता. तोपर्यंत आयर्लंडच्या भूमीवर जन्मलेले प्रत्येक मूल, आईबाप कोठलेही असोत, जन्मतःच आयरिश नागरिक होई. हा हक्क काढून घ्यावा का, असा प्रश्न त्या कागदावर होता. शंभरांतील एकोणऐंशी मतदारांनी होय म्हटले. तेव्हापासून आई किंवा बाप आयरिश असावा लागतो, नाहीतर त्यांचे काही वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. (आपल्याकडेही १९५५ च्या नागरिकत्वाच्या कायद्यात जन्माचा हक्क प्रथम १९८७ मध्ये आणि मग २००४ च्या डिसेंबरपासून असाच आखडता झाला.) वराडकरांचे नागरिकत्व या बदलात सापडले नसते, कारण त्यांची आई आयरिश. त्यांच्या फिन गेल पक्षाचाही या दुरुस्तीला पाठिंबाच होता.

म्हणजे एकाच दिवशी, एकाच खोलीत, एकाच पेन्सिलीने मतदाराने एका कागदावर वराडकरांपुढे किंवा अडेबरींपुढे १ लिहिले, आणि दुसऱ्या कागदावर परक्यांच्या मुलांना दार अर्धे लावले. याला ढोंग म्हणावे काय? आम्ही तसे म्हणणार नाही. एका कागदावर माणूस होता, दुसऱ्यावर संख्या होती. ओळखीच्या माणसाविषयी उदार असणारे लोक अनोळखी लोंढ्याविषयी भयभीत असतात, आणि दोन्ही भावना एकाच मनात सुखाने नांदतात. आपल्याकडेही ‘परप्रांतीय’ हा शब्द ज्या तोंडून निघतो त्याच तोंडून शेजारच्या परप्रांतीय दुकानदाराला ‘काका’ अशी हाक निघते, हे कोणी नाकारू नये. कौन्सिलचे राजकारण परक्याला मानवते ते एवढ्यासाठी की तेथे संख्येचे रूपांतर माणसात होण्याइतके क्षेत्र लहान असते.

पुढची कारकीर्द वाचकांना बरीचशी ठाऊक आहे, म्हणून तीत फार रेंगाळत नाही. २००७ साली डब्लिन पश्चिम मतदारसंघातील तीन जागांपैकी एक जिंकून ते लोकसभेत गेले आणि कौन्सिलची चार वर्षे संपली. २०११ मध्ये वाहतूक, पर्यटन व क्रीडा खात्याचे मंत्री, २०१४ मध्ये आरोग्यमंत्री, २०१६ मध्ये समाजकल्याण. १८ जानेवारी २०१५ रोजी, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी आकाशवाणीवरील मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचे सांगितले. त्याच वर्षी मे महिन्यात आयरिश जनतेने सार्वमताने समलिंगी विवाहास मान्यता दिली. ज्या देशात १९९३ पर्यंत असा संबंध हा गुन्हा होता, तेथे ही घटना केवढी, हे वेगळे सांगावयास नको. २०१७ च्या जूनमध्ये पक्षाचे नेतेपद आणि लगोलग पंतप्रधानपद. तेव्हा ते ३८ वर्षांचे होते. लोकसभेत बाजूने मते पडली ५७, विरुद्ध ५०, आणि ४७ सभासद तटस्थ राहिले.

परंतु एक प्रसंग असा आहे की त्यावरून झरझर पुढे जाणे योग्य होणार नाही. २००८ साली आयर्लंडची भरभराट एकाएकी कोसळली आणि बेकारी वाढू लागली. त्या सप्टेंबरात विरोधी बाकांवरील तरुण सभासद वराडकर यांनी अशी सूचना केली की, बेकार झालेल्या परदेशी कामगारांना काही महिन्यांचा भत्ता एकदम देऊन स्वेच्छेने मायदेशी परतण्याची सोय करावी. यावर मोठी टीका झाली. ज्याचे वडील हिंदुस्थानातून आले त्याने हे सुचवावे, याचे अनेकांना नवल वाटले. पुढे २०१७ मध्ये, समाजकल्याण मंत्री असताना, सरकारी भत्ते लबाडीने घेणाऱ्यांविरुद्ध त्यांनी जाहिरातींची मोहीम काढली, तिच्यावरही गरिबांना संशयित ठरविल्याचा आरोप झाला.

आमच्या मते येथे नवल करण्यासारखे फारसे नाही. बाहेरून आलेल्या घराण्यातील माणूस सर्व आगंतुकांचा वकील असलाच पाहिजे, ही अपेक्षा आपली; त्याने तसे कधी कबूल केलेले नसते. वराडकर निवडून आले ते परदेशी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नव्हेत. कॅसलनॉकमधील मध्यमवर्गीय, कर भरणाऱ्या, सकाळच्या गर्दीत मोटारीत अडकणाऱ्या कुटुंबांचे ते प्रतिनिधी, आणि त्यांचे विचारही त्यांच्याच धर्तीचे, थोडे उजवीकडे झुकलेले. त्यांची सूचना आम्हांस पटत नाही; बुडत्या बोटीतून प्रथम पाहुण्याला उतरवावे हा न्याय नव्हे. पण एखाद्या माणसाला ‘आपला’ म्हटले म्हणजे त्याला इतर आपल्या माणसांप्रमाणे चुकीचे बोलण्याचीही मुभा मिळते. मतदारांनी २०११ मध्ये त्यांना पुन्हा निवडून दिले, ते त्यांच्या आडनावाकडे पाहून नव्हे आणि त्या आडनावाला न शोभणाऱ्या सूचनेकडे पाहूनही नव्हे.

२०१९ च्या डिसेंबरअखेर ते घरच्या तीन पिढ्यांसह वराडला आले. पंतप्रधान असूनही भेट खाजगी होती. गावाने सत्कार केला, ग्रामदेवतेचे दर्शन झाले, छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली. वराडकरांनी आपल्या आजोबांच्या गावाविषयी आपुलकीने चार शब्द सांगितले. तेवढेच योग्य होते. गावकऱ्यांच्या अभिमानात काही गैर नाही, फक्त त्या अभिमानात डनगार्वनच्या आईचा आणि कॅसलनॉकच्या ४,८९४ मतदारांचा वाटा फार मोठा आहे, हे आपल्याकडील मथळ्यांनी क्वचितच सांगितले.

२०२० च्या मार्चमध्ये महामारी आली तेव्हा त्यांनी डॉक्टरांच्या नोंदवहीत आपले नाव पुन्हा दाखल केले आणि आठवड्यातून एक पाळी ते काम करू लागले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये आघाडीचे सरकार आले. ठरल्याप्रमाणे ते आधी उपपंतप्रधान आणि १७ डिसेंबर २०२२ पासून पुन्हा पंतप्रधान झाले. या दुसऱ्या कारकिर्दीत त्यांना जे पाहावे लागले ते २००४ च्या त्या दुसऱ्या कागदाचेच पुढचे पान होते. २३ नोव्हेंबर २०२३ रोजी दुपारी डब्लिनच्या मध्यवस्तीत एका शाळेबाहेर लहान मुलांवर चाकूहल्ला झाला. हल्लेखोर परदेशी असल्याची वार्ता पसरली आणि संध्याकाळी जमावाने बस जाळली, ट्राम जाळली, दुकाने फोडली. हल्लेखोराला अडविणाऱ्यांमध्ये घरपोच जेवण पोहोचविणारा एक ब्राझिलियन स्वारही होता. त्याने आपल्या शिरस्त्राणाचाच शस्त्रासारखा उपयोग केला. तोही परदेशीच. दंगलखोरांनी डब्लिनला आणि आयर्लंडला लाज आणली, असे पंतप्रधानांनी दुसऱ्या दिवशी बजावले.

चार महिन्यांनी, २० मार्च २०२४ रोजी, आपण पायउतार होत असल्याचे त्यांनी जाहीर केले. कारणे काही व्यक्तिगत, काही राजकीय. या पदास आपण आता सर्वांत योग्य राहिलो नाही, असे ते म्हणाले. तेव्हा ते ४५ वर्षांचे होते. ९ एप्रिलला सायमन हॅरिस पंतप्रधान झाले, आणि नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीस वराडकर उभे राहिले नाहीत.

त्याच २०२४ च्या जूनमध्ये कौन्सिलांच्या निवडणुका पार पडल्या. जुन्या डब्लिन परगण्याचे १९९४ साली जे तीन तुकडे झाले त्यांतील दुसऱ्या तुकड्याने, दक्षिण डब्लिन कौन्सिलाने, महिनाअखेर आपला नगराध्यक्ष निवडला. त्याचे नाव बेबी पेरेप्पाडन, गाव केरळातील अंगमाली.